सोलापुरातल्या पोटविकाराच्या डॉक्टरांना आणि एंडोस्कोपी सेंटरवाल्यांना: कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्रीबद्दल

आदरणीय डॉक्टर सर, मॅडम, आणि सेंटरवरच्या सिस्टर, ब्रदर, फोन उचलणाऱ्या ताई-दादा,

नमस्कार. मी पूर्व भागात मेडिकल चालवते, फार्मासिस्ट आहे. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे खालच्या बाजूनं दुर्बीण घालून मोठं आतडं तपासतात त्याच्या, आधी पोट साफ करायची जी पावडर तुम्ही चिठ्ठीवर लिहून देता ती आमच्या काउंटरवरून जाते आणि ती कशी घ्यायची हे विचारायला पेशंट परत आमच्याकडंच येतो, कारण तुमच्याकडं गर्दी असते आणि डॉक्टरला तीच गोष्ट दोनदा विचारायला माणूस बिचकतो. त्यामुळं तुमच्या केबिनमधून बाहेर पडल्यापासून दुसऱ्या दिवशी टेबलावर झोपेपर्यंत त्या माणसाचं काय काय होतं ते मला जवळून दिसतं, तुम्हाला ते दिसायची सोयच नाही, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं एकच आहे. पोट साफ करणं ही पेशंटनं घरी आपली आपण उरकायची किरकोळ तयारी नाहीये, तपासणीचा अर्धा भाग तोच आहे, आणि त्या अर्ध्या भागाची जबाबदारी सेंटरनं स्वतःकडं घेतली पाहिजे. आज ती धड कुणाचीच नाही. काही सेंटर नीट समजावून सांगतात हे मला माहितीय, त्यांचे पेशंट आमच्याकडं येतात तेव्हा लगेच कळतं, पण बाकीच्यांचं काय.

चिठ्ठीवर बहुतेक वेळा एवढंच असतं, पावडरचं नाव, २ लिटर पाण्यात, रात्री, आणि खाली तपासणीची वेळ. सोबत छापील कागद असला तर तो इंग्रजीत. आता आमच्याकडं येणारी बाई विडी वळते, घरी तेलुगू बोलते, मराठी चांगलं बोलता येतं पण वाचताना अडखळते, तिनं त्या कागदाचं काय करायचं? ती विचारते, "अक्का, हे सगळं एकदम प्यायचं का ओ?" अक्कलकोटकडचा शेतकरी असला तर त्याला कन्नडमधून सांगावं लागतं. आणि जे विचारत नाहीत त्यांची काळजी जास्त वाटते, कारण कुणी अख्खी पुडी एका तांब्यात कालवून पितो, त्याला वाटतं पावडर पोटात गेली म्हणजे काम झालं. कुणी अर्धं पितो, दोन-तीनदा संडासला जाऊन आला की झालं साफ म्हणून उरलेलं ओतून देतो. एकानं तर चव लागू नये म्हणून दुधातून घेतलं होतं.

यात पेशंटची चूक मी मानत नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की ही पावडर म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल आहे, ती आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषली जात नाही, ती फक्त पाणी धरून ठेवते, आणि तिच्यासोबतचे क्षार अशा मापात घातलेले असतात की ठरलेल्या पाण्यात कालवलं तर शरीरातलं पाणी-मीठ फारसं इकडं तिकडं होत नाही, आत गेलेलं पाणी आतडं धुऊन तसंच बाहेर पडतं. १९८० साली अमेरिकेत डेव्हिस, फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मिश्रण तयार केलं, त्याच्या आधी दोन-तीन दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर राहायचं, वर एरंडेल आणि एनिमा, असे हाल असायचे. म्हणजे पाण्याचं माप उगाच कुणाच्या मनात आलं म्हणून ठरलेलं नाही. मी काउंटरवर एकच वाक्य सांगते, की बाबा धुणारं पाणी आहे, पावडर नुसती त्या पाण्याला आतड्यात थांबवून ठेवते, पाणी कमी घेतलंस तर धुणार काय? हे वाक्य शिकलेल्याला, न शिकलेल्याला, सगळ्यांना समजतं. तुमच्या सिस्टरनं सांगितलं तर माझ्यापेक्षा दहापट वजन पडेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे "रात्री" हा एक शब्द चिठ्ठीवरून काढून टाका. सगळं औषध आदल्या संध्याकाळी संपवायला सांगणं ही जुनी पद्धत झाली आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संयुक्त समितीनं २०१४ मध्ये सांगितलं, युरोपातल्या संघटनेनं २०१३ आणि परत २०१९ मध्ये सांगितलं, २०२५ च्या अमेरिकन सूचनांमध्येही तेच आहे की डोस दोन भागांत द्या, निम्मा आदल्या संध्याकाळी आणि निम्मा तपासणीच्या दिवशी, दुसरा भाग तपासणीच्या साधारण चार ते सहा तास आधी सुरू करायचा आणि निदान दोन तास आधी संपवायचा. कारणही साधं आहे. रात्री आठला सगळं पिऊन झालं, पोट स्वच्छ झालं, तरी लहान आतडं काही रात्रभर झोपत नाही, त्यातून पित्त मिसळलेला चिकट स्राव खाली येत राहतो आणि मोठ्या आतड्याची सुरवात जिथं होते त्या उजव्या बाजूवर त्याचा थर बसतो. सकाळी दुर्बीण तिथं पोचते तेव्हा भिंत झाकलेली असते. आणि चपटे, फिक्या रंगाचे, पटकन न दिसणारे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर येणाऱ्या छोट्या गाठी, असतात ते याच उजव्या बाजूला जास्त. म्हणजे जिथं नजर सगळ्यात तीक्ष्ण पाहिजे तिथंच घाण.

एक पॉलिप राहून गेला तर काय होतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र पेशंटपण वाचतील म्हणून लिहिते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा अशा पॉलिपमधूनच होतो आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात, तेवढ्या काळात तो पॉलिप दिसला आणि काढला तर त्यातून कॅन्सर होत नाही. २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला मोठा अभ्यास आहे, डॉक्टरचं असे पॉलिप सापडण्याचं प्रमाण एक टक्क्यानं वाढलं की त्याच्या पेशंटला पुढं कॅन्सर होण्याचा धोका तीन टक्क्यांनी कमी दिसला. डॉक्टरचा हात कितीही चांगला असला तरी जे झाकलेलं आहे ते त्याला दिसणार कसं. आणि आपल्याकडं तर संडासवाटे रक्त गेलं की माणूस वर्षभर मूळव्याध समजून मलम लावत बसतो, ते मलम मीच विकते आणि प्रत्येक वेळी सांगते की एकदा दाखवून घ्या, मग कुठं तो घाबरत घाबरत कोलोनोस्कोपीला तयार होतो. एवढं करून तो टेबलापर्यंत आला आणि आतडं साफ नाही म्हणून नीट दिसलं नाही, तर तो परत येईल का? मला नाही वाटत.

मग "पहाटे निम्मं घ्या" एवढं लिहून भागेल का, तर सोलापुरात नाही भागणार, आणि इथंच तुमच्या विचाराची गरज आहे. परदेशातल्या सूचना ज्या घरासाठी लिहिल्यात त्या घरात बाथरूम आतच आहे, पाणी चोवीस तास आहे आणि हॉस्पिटल कारनं वीस मिनिटांवर आहे. आपला पेशंट अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा, सांगोला, पलीकडं इंडी, विजयपूर, तुळजापूर अशा ठिकाणांहून येतो, पहाटेची एसटी धरून. सकाळी नऊची वेळ दिली तर त्यानं दुसरा लिटर कुठं प्यायचा, एसटीत? म्हणून तो रात्रीच सगळं संपवतो किंवा दुसरा भाग सोडूनच देतो, दोन्हीकडून नुकसान त्याचंच.

यावर उपाय औषधात नाही, तुमच्या अपॉइंटमेंटच्या वहीत आहे. नाव लिहिताना गाव विचारा. बाहेरगावचा असेल तर त्याला दुपारची वेळ द्या आणि सकाळच्या वेळा शहरातल्यांना द्या. दुपारच्या तपासणीला तर सगळा डोस त्याच दिवशी सकाळी घेतला तरी चालतो असं सूचनाच सांगतात, मग तो माणूस आदल्या रात्री सोलापुरात नातेवाईकाकडं मुक्कामाला येऊ शकतो आणि सकाळी निवांत पिऊ शकतो. ज्याचं इथं कुणी नाही, किंवा म्हातारं माणूस आहे, त्याच्यासाठी सेंटरवर एक खोली, दोन खुर्च्या आणि आत संडास एवढी सोय करा, सकाळी लवकर येऊन तिथंच बसून पिऊ दे, सिस्टरचं लक्षही राहील. खोलीचे वेगळे पैसे घेतलेत तरी लोक देतील, कारण दुसऱ्यांदा यायला लागलं तर त्याच्या कितीतरी पट जातात.

आणि वेळ सांगताना घड्याळ लावून सांगा. समजा तपासणी ११ वाजता आहे, तर आदल्या संध्याकाळी सहा-सात वाजता पहिला लिटर, सकाळी सहाला दुसरा लिटर सुरू, साडेसातपर्यंत संपवायचा, वर थोडं साधं पाणी, आणि नऊनंतर घोटभरही नाही, भूल देणारे डॉक्टर वेगळं सांगतील तर तसं. हे चिठ्ठीवर पेननं लिहायला एक मिनिट लागतं. "चार ते सहा तास आधी" असं लिहिलं की पेशंट बोटं मोजत बसतो आणि चुकतो. मी सांगते, पातेल्यात दोन लिटर पाणी मोजून घ्या, सगळी पुडी त्यात विरघळवा आणि लिटरच्या दोन बाटल्या भरून ठेवा, एकीवर संध्याकाळ लिहा, दुसरीवर पहाट लिहा. घरातली शाळेत जाणारी पोरगी हे काम बरोबर करते, तिलाच सांगायचं.

पाण्याचंही बोलू. उजनीचं धरण आहे पण शहरात नळाला पाणी रोज येत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुमच्याही घरी टाकी भरून ठेवावी लागत असेल. ज्या रात्री माणूस दहा-बारा वेळा संडासला जाणार त्या रात्री घरात पाणी नसेल तर? आमच्या भागात कितीतरी घरांचा संडास चार घरांत मिळून एक आहे. बाईमाणसानं मध्यरात्री, पहाटे परत परत बाहेर जायचं, खाली अंधार, जिना, वय साठच्या पुढं, चक्कर येऊन पडण्याची भीती वेगळी. अशी बाई औषध अर्धवट सोडते आणि डॉक्टरला खरं कारण कधीच सांगत नाही, लाजते. तारीख देताना तिला फक्त एवढं विचारा, घरात संडास आहे का, पाणी कधी येतं, रात्री सोबत कोण आहे. त्यावरून तारीख पुढं-मागं करा किंवा सेंटरवर बोलवा. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो तेव्हा तर सोबत पिण्याचं पाणी आणि ओआरएस किती घ्यायचं हे लिहून द्यायलाच पाहिजे, नाहीतर माणूस आधीच सुकलेला असतो.

खाण्याचा कागद नवीन लिहा, आणि तो सोलापूरच्या ताटाकडं बघून लिहा. आत्ता जे कागद मी बघते त्यात सॅलड, ओट्स, व्होल व्हीट ब्रेड टाळा असं असतं, आमचा पेशंट ते खातच नाही, त्यामुळं त्याला वाटतं आपल्याला सगळं चालतं. तो ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन येतो. खरं तर सगळ्यात आधी लिहायला पाहिजे की तपासणीच्या आदल्या दिवशी भाकरी नाही, मग ती मालदांडी ज्वारीची असो नाहीतर बाजरीची, शेंगाची चटणी नाही, शेंगदाण्याचा कूट कशातच नाही, वांगं, टोमॅटो, पालेभाजी नाही, पेरू, अंजीर, डाळिंब नाही. बिया आणि दाण्याचे तुकडे दुर्बिणीच्या ज्या नळीतून घाण ओढून घेतात त्या नळीत अडकतात आणि तुमचंच काम थांबतं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, घरोघरी भोगीची भाजी, तीळ लावलेली भाकरी, तीळगूळ, त्याच्या आसपास हुरडा, त्या दिवसांत तर तीळ आणि हुरडा नाही असं वेगळं तोंडानं सांगा. आणि उपवासाचं खाऊन या असं चुकूनही सांगू नका, "हलकं खा" म्हटलं की आमच्या बायका साबुदाण्याची खिचडी करतात आणि तिच्यात मूठभर कूट पडतो.

काय खायचं तेही सांगा, नुसतं नाही-नाही वाचून माणूस उपाशी राहतो आणि मग औषध प्यायच्या आधीच त्याला गळून गेल्यासारखं होतं. मऊ पांढरा भात, गाळलेलं मूगडाळीचं पातळ वरण, दही, सालं काढलेला उकडलेला बटाटा, अंडं, पांढरा ब्रेड, हे आदल्या दिवशी सकाळी आणि दुपारी चालतं. पूर्वी आदला अख्खा दिवस नुसत्या पाण्यावर ठेवायचे, आता २०२५ च्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की ज्याला जुनी बद्धकोष्ठता वगैरे नाही अशा घरून येणाऱ्या पेशंटला असं कमी चोथ्याचं जेवण दुपारपर्यंत चालतं, आणि बंधनं एका दिवसापुरतीच पुरेत. यंत्रमागावर काम करणाऱ्याला हे कळलं तर तो एक पाळी कमी बुडवेल. जेवण बंद झाल्यावर मग आरपार दिसेल असं काहीही, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, सफरचंदाचा गाळलेला ज्यूस. दूध नाही, ताक नाही. लाल-जांभळं काही नाही, कोकम सरबत नाही, डाळिंबाचा रस नाही, बीट नाही, आत गेल्यावर ते रक्तासारखं दिसतं. किडनीच्या पेशंटला मात्र शहाळं विचारल्याशिवाय सांगू नका, त्यात पोटॅशियम असतं. एवढं एका पानात मावतं, चित्रं टाकली तर वाचायलाही लागणार नाही.

आता गोळ्यांचं, इथं मला खरंच भीती वाटते. डायबेटिस असलेला माणूस आदल्या दिवसापासून जेवत नाही पण साखरेची गोळी सवयीनं घेतो, ग्लिमेपिराइडसारखी गोळी असली तर पहाटे साखर खाली येऊन घामाघूम होतो आणि घरच्यांना वाटतं जुलाबानं झालं. आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता स्वस्त झाल्यामुळं खूप जणांना चालू आहेत, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या खात्यानं, २०२० मध्येच सांगितलंय की ठरलेल्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी त्या थांबवायच्या, उपाशीपोटी त्यांनी साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं, कोलोनोस्कोपीच्या उपाशी दिवसांतही तोच धोका आहे. तीन दिवस आधी थांबवायची गोळी आदल्या दिवशी कळून काय उपयोग? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं तर हार्टच्या डॉक्टरशी बोलूनच ठरवायचं असतं, पेशंटनं आपल्या मनानं बंद केली तरी धोका, चालू ठेवली आणि पॉलिप काढायला लागला तरी धोका. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं आणि चिकट होतं, त्या आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात, आणि तुमच्याकडं येणाऱ्यांत रक्त कमी आहे म्हणून पाठवलेले किती असतात बघा, त्या सगळ्यांना लोह चालूच असतं की. म्हणून तारीख देतानाच सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगा आणि प्रत्येक पट्टीवर पेननं लिहा, चालू, बंद, या तारखेपासून. आणि कुणाला किडनीचा त्रास असेल, वय जास्त असेल, बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर फॉस्फेटचं छोट्या बाटलीतलं औषध देऊ नका. ते प्यायला थोडं असतं म्हणून पेशंट स्वतःहून मागतो, पण एफडीएनं २००८ च्या डिसेंबरमध्ये तोंडानं घ्यायच्या सोडियम फॉस्फेटवर किडनीबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला होता. माझ्याकडं कुणी असं मागितलं तर मी परत तुमच्याकडं पाठवते, तेव्हा रिसेप्शनवरून "काही होत नाही, द्या" असं उत्तर येऊ नये एवढीच विनंती.

चव वाईट लागते आणि उलटी होते, यावर पण सांगण्यासारखं खूप आहे आणि कुणी सांगत नाही. थंड करून घ्यायचं, लिंबू पिळायचं, स्ट्रॉनं जिभेच्या मागच्या बाजूला घ्यायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास, मध्ये घरातल्या घरात चालायचं. मळमळलं तर अर्धा तास थांबायचं आणि मग सावकाश परत सुरू करायचं, सोडायचं नाही. दोन तास झाले तरी पोट हललं नाही, किंवा उलट्या थांबेनात, किंवा पोट दगडासारखं फुगलं, तर प्यायचं थांबवून फोन करायचा. कुणाला? तिथं नंबर पाहिजे, आणि तो रात्री उचलला गेला पाहिजे. रात्री साडेअकराला माझा मोबाइल वाजतो, मी उचलते, जेवढं मला सांगता येतं तेवढं सांगते, पण जे तुम्ही ठरवायचं ते मी ठरवू शकत नाही.

फोनवरून आठवलं, आदल्या दिवशी सेंटरवरून एक फोन करून परत सगळं समजावून सांगितलं तर पोट नीट साफ झालेल्यांचं प्रमाण वाढतं हे चीनमधल्या अभ्यासात दिसलंय, आणि त्याला ना मशीन लागतं ना खर्च. तुमच्या सेंटरवर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं आहेतच, सोलापुरात कुठं नाहीत. त्यांच्याच आवाजात तीन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवा, वाचता न येणारा माणूससुद्धा चारदा ऐकेल. ज्याला कायमची बद्धकोष्ठता आहे, ज्याचं आधी पोट साफ झालं नव्हतं, जो लकव्यानं अंथरुणात आहे, ज्याला अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या चालू आहेत, जुना डायबेटिस आहे, त्यांना हा फोन दोन-तीन दिवस आधी करा, त्यांना एका पुडीत भागत नाही, त्यांचं वेगळं ठरवावं लागतं.

आणि सकाळी तो आला की टेबलावर घ्यायच्या आधी सिस्टरनं एक प्रश्न विचारावा, शेवटची संडास कशी झाली. लघवीसारखी पिवळसर, पातळ, तळ दिसेल अशी झाली असेल तर आत घ्या. गढूळ, तपकिरी असेल तर तिथंच थांबवा, अजून औषध द्या, त्याची वेळ दुपारवर ढकला. तशीच तपासणी उरकू नका. हे मी का म्हणते, तर एक यंत्रमाग कामगार रिपोर्ट घेऊन माझ्याकडं आला होता, सगळं नॉर्मल आहे ना एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की तयारी खराब, उजवी बाजू नीट दिसली नाही. त्याला हे कुणी तोंडानं सांगितलंच नव्हतं. तो घरी सगळ्यांना सांगून मोकळा झाला होता की आतड्यात काही नाही. त्याला परत पाठवताना त्याचा चेहरा मला बघवला नाही, दोन दिवसांची मजुरी गेली होती आणि बायकोनं सोसायटीतून उचल घेतली होती.

रिपोर्टमध्ये तयारी कशी होती ते मापात लिहायची पद्धत आहे, बोस्टन स्केल २००९ पासून आहे, आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, तिन्ही भागांत दोन किंवा जास्त असतील तरच नीट दिसलं असं धरायचं. ते प्रत्येक रिपोर्टवर लिहा आणि नीट साफ नसेल तर पेशंटला बसवून सांगा की हे नॉर्मल नाही, हे अर्धवट आहे, वर्षाच्या आत परत करायचंय, आणि या वेळी आपण तयारी अशी अशी बदलू. रक्त जात असेल, वजन उतरत असेल तर वर्ष कशाला, लगेच. महिन्याच्या शेवटी सेंटरनं हे गुण मोजावेत, २०२५ च्या सूचनांप्रमाणं शंभरातल्या नव्वद पेशंटची तयारी पुरेशी झाली पाहिजे, २०१४ मध्ये हाच आकडा पंच्याऐंशी होता. आपल्या सेंटरचा आकडा किती आहे हे तुम्ही दारावर लावा असं मी म्हणत नाही, पण तुम्हाला स्वतःला तो माहिती पाहिजे.

मी माझ्याकडून काय करू शकते ते पण सांगते. ज्या सेंटरनं मराठीत पान तयार केलं त्यांनी ते आमच्याकडं पाठवावं, पुडी देताना मी ते सोबत स्टेपल करून देईन आणि तोंडानं एकदा म्हणून दाखवीन. तेलुगू आणि कन्नड करून पाहिजे असेल तर आमच्या गल्लीत दोन्ही भाषांत लिहिणारी शिक्षक मंडळी आहेत, मी त्यांना विचारून ठेवलंय, ते फुकट करून देतील, फक्त त्यातलं औषधाचं सगळं तुम्ही तपासून सही करून द्यायचं. आजूबाजूच्या मेडिकलवाल्यांशी बोलायची तयारी आहे, पुडी विकताना डोस दोन भागांत आहे का, डायबेटिस आहे का, किडनीचा त्रास आहे का, हे तीन प्रश्न सगळ्यांनी विचारायचे, आणि काही खटकलं तर तुमच्या एका ठरलेल्या नंबरवर फोन करायचा. तो नंबर कोणता, आणि तो कोण उचलणार, तेवढं मला कळवा. संक्रांतीच्या आधी हे पान हातात आलं तर बरं होईल, गड्ड्याच्या दिवसांत तीळ-हुरडा खाऊन आलेले पेशंट तरी यंदा परत जाणार नाहीत.

आपली,
पूर्व भागातली एक मेडिकलवाली, सोलापूर